अनवाणी प्रिन्स आणि आंतोनची शवपेटी

नाताळ अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा निरोप संपादकांनी धाडला, तेव्हा त्यांना माझे काम नेमके कोणते होते याची कल्पना नसावी. वसईच्या एका मराठी शाळेत मी काही वर्षे भूगोल शिकवला, मग दुबईला गेलो आणि निवृत्त होईपर्यंत मृतांची व्यवस्था पाहणाऱ्या एका कंपनीत राहिलो. परदेशात वारलेल्या माणसाला घरी पोहोचवणे किंवा तिथेच मातीत ठेवणे, एवढाच आमचा व्यवसाय. सणाच्या दिवसांत हा विषय ज्यांना नको असेल त्यांनी पान उलटावे; मला राग येणार नाही.

शिकवण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून आधी कामाची ओळख करून देतो. अमिरातीत परदेशी माणूस वारला की त्याच्यासाठी दोन वाटा असतात. पहिली घरची. त्यासाठी देहावर औषधांची प्रक्रिया करून तो टिकवतात, आतून जस्ताचा पत्रा लावलेल्या शवपेटीत ठेवतात, झाकण पक्के बंद करतात आणि ती पेटी विमानाच्या पोटात, सामानाच्या भागात जाते. दुसरी वाट म्हणजे तिथल्याच बिगरमुस्लिमांच्या दफनभूमीत जागा. कोणती वाट धरायची हे घरच्यांनी ठरवायचे असते. पण कागद पुरे करायचे ते मालकाने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो माणूस तिथे राहत होता त्याने. घरचे लोक समुद्रापलीकडे असतात आणि मालक समोर बसलेला असतो. त्यामुळे व्यवहारात कोणाचा शब्द वजनदार ठरतो, हे सांगायला नको.

या कामात हसू येत नाही असे मात्र नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारवस्तीतून एकदा रत्नागिरीकडची पाच-सहा मुले आली. त्यांचा सोबती उंचावरून पडून वारला होता आणि त्यांना त्याच्या पेटीत त्याची क्रिकेटची बॅट ठेवायची होती. पेटीत बॅटीला जागा नाही, असे मी सांगितले. "सर, तिरकी बसते का बघा ना," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बॅटशिवाय घरी गेला तर त्याचे वडील विचारतील, बारावा गडी म्हणून खेळवलात काय रे माझ्या पोराला?" बॅट बसली. पाय थोडे सरकवावे लागले.

आता माझ्या कामाची एक रीत सांगतो, कारण पुढची हकिकत तिच्यावर उभी आहे. वर्गात शिक्षकाने "समजलं का?" असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. त्यातल्या निम्म्यांना काहीच समजलेले नसते. म्हणून मी वर्गात तो प्रश्न विचारणे सोडले होते. "गोदावरी कुठे उगम पावते, नकाशावर दाखव," असे म्हणायचो. दुबईत आल्यावर माझ्या लक्षात आले की दुःखात बुडालेले घर त्या वर्गासारखेच असते. आमच्या ऑफिसातून कोणीतरी एका कुटुंबाला विचारले होते, "मुंबईला पाठवू ना?" बाप म्हणाला, "हो साहेब." गाव सावंतवाडीजवळ होते, गोव्याचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. पण साहेबांनी मुंबई म्हटले म्हणजे मुंबईच असणार, असे त्या बापाला वाटले. तेव्हापासून मी घरच्यांना 'हो' म्हणून सुटता येईल असा प्रश्न विचारत नसे. "गावात पेटी कोण उतरवून घेणार?" "मिस्सा कोणत्या चर्चमध्ये?" "खांदा कोण देणार?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचे तर माणसाला स्वतःच्या मनातले बोलावेच लागते.

आता प्रिन्सविषयी. युरोपात अशी काही घराणी आहेत की ज्यांची राज्ये कधीच गेली, पण पदव्या राहिल्या. आपल्याकडच्या लहान संस्थानिकांची कल्पना केली की वाचकांना चित्र स्पष्ट होईल. अशा एका कॅथलिक घराण्याच्या धाकट्या पातीचे हे प्रमुख. दुबईच्या उत्तरेला, रास अल खैमाला समुद्राकाठच्या व्हिलात राहत आणि एका हॉटेल कंपनीचे सल्लागार होते. त्यांचे पूर्ण नाव उच्चारायला दोन श्वास लागत. घरातले नोकर त्यांना 'हायनेस' म्हणत आणि आम्ही 'प्रिन्स'.

अमिरातीत चर्च आहेत आणि भक्तीला मोकळीक आहे, परंतु जे काही करायचे ते चर्चच्या आवारभिंतीच्या आत. रस्त्यावर मिरवणूक निघत नाही. त्या आवारात प्रिन्सची श्रद्धा सर्वांना दिसेल अशी असे. गुड फ्रायडेला ते अनवाणी, खांद्यावर जड लाकडी क्रूस घेऊन चालत. गळ्यात घराण्याच्या बंधुमंडळाचा, म्हणजे भक्तांच्या जुन्या संघाचा, पट्टा. मंगळूरच्या बायका आणि फिलिपिनो परिचारिका फोन उंच करून उभ्या राहत. फोटो मग त्यांच्या घराण्याच्या पत्रिकेत छापले जात. "राजा असून अनवाणी!" असे लोक म्हणत. हे सारे दिखाव्यासाठी होते असा माझा आरोप नाही. क्रूसाने त्यांच्या खांद्यावर उमटलेला वळ मी जवळून पाहिला आहे. श्रद्धा खरी होती. ती चार लोकांसमोर असली पाहिजे, असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते. राजाने गुडघे टेकले तर प्रजा टेकते, असे ते म्हणत.

त्यांच्या व्हिलात आमच्या वसईचे दोघे भाऊ कामाला होते. थोरला आंतोन स्वयंपाकी, धाकटा पास्कल ड्रायव्हर. आंतोन एके दुपारी स्वयंपाकघरात छातीला हात लावून खाली बसला. इस्पितळात प्रिन्स स्वतः त्याच्या उशाशी जपमाळ घेऊन बसले होते. हे मला पास्कलनेच सांगितले. दुसऱ्या दिवशी आंतोन गेला.

मला फोन आला तो प्रिन्सच्या सेक्रेटरीचा. दफन इथेच होईल, कुटुंबाची संमती मिळाली आहे, शुक्रवारी सकाळची वेळ घ्या, युरोपहून बंधुमंडळाचे पाहुणे येत आहेत. सगळे रीतसर होते. तरीही माझ्या रीतीप्रमाणे मी वसईला, आंतोनच्या पत्नीला, मोनिकाबायला फोन केला. मी वसईतल्या पापडीचा, ती तिथून थोड्या अंतरावरच्या गावची. आमच्या बोलीत दोन वाक्ये बोलल्यावर तिचा आवाज जरा सैल झाला.

आमच्याकडे घरातल्या आधीच्या माणसाची कबर उघडून, हाडे बाजूला काढून, तिच्यातच पुढच्याला ठेवतात. मी विचारले, "मोनिकाबाय, कबर कुठली उघडायची?"

पलीकडे कोंबड्यांचा आणि कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत राहिला.

"उघडलीय," ती म्हणाली. "सासऱ्यांची. पास्कलभावजी पहिल्या फोनला बोलले ना, आणतो म्हणून. लोकांनी लगेच उघडून ठेवली. त्यांची आय सारखी जाऊन बघून येते."

"मग साहेबांना तुम्ही हो कसं म्हणालात?"

"मग काय म्हणायचं, सर? एवढा मोठा माणूस. फोनवर रडत होते हो. माझ्यापेक्षा जास्त रडत होते. आणि भावजींनी आधीच सांगून ठेवलेलं, वहिनी, साहेब काय विचारतील त्याला यस सर म्हणा, थँक्यू सर म्हणा. म्हटलं."

"आणि तुमच्या मनात काय आहे?"

"मनात काय असणार? त्यांना घरी आणायचं." मग घाईघाईने, "पण तुम्ही बोलू नका हां कुणाला! भावजींची नोकरी गेली तर दोन्ही घरं उपाशी. आता कमावणारा तो एकटाच. सर, तुम्हाला माझ्या पोरींची शपथ."

मी फोन ठेवला. मला हवे ते उत्तर मिळाले होते आणि ते वापरायला बंदी होती. कागदावर कुटुंबाची संमती होती. ती चूक आहे असे फक्त मोनिकाबाय म्हणू शकत होती, आणि ती म्हणणार नव्हती.

म्हणून मी रास अल खैमाला गेलो. प्रिन्सनी व्हिलाच्या एका खोलीत छोटी वेदी केली होती. तिथेच त्यांनी मला बसवले. मी विधीची माहिती हवी आहे असे सांगितले, आणि ती खरोखरच हवी होती. ते उत्साहाने सांगू लागले. त्यांच्या घराण्यात नोकर वारला की घराण्याच्या प्रमुखाने अनवाणी चालत त्याच्या पेटीला खांदा द्यायचा, पुढच्या उजव्या बाजूने. आजोबांनी त्यांच्या गाडीवानाला असाच खांदा दिला होता, बर्फातून.

"युवर हायनेस," मी विचारले, "त्या गाडीवानाला त्याच्या गावी नेले होते का?"

"गावी?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "त्याला निराळे गाव नव्हते. तो आमच्या जमिनीवर जन्मला, त्याचे आईवडील आमच्याच दफनभूमीत आहेत. आम्हीच त्याचे गाव होतो."

"आंतोनचे वडील वसईच्या दफनभूमीत आहेत."

त्यांची नजर वेदीकडे गेली. माझ्या वाक्याचा त्यांच्यावर परिणाम झाला होता, यात मला शंका नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारले, "त्याच्या पत्नीने तुम्हाला काही वेगळे सांगितले आहे का?"

त्याच वेळी पास्कल चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि दारातच थांबला.

मी खोटे बोललो नाही. "तिने मला जे सांगितले ते सांगण्याची मला मोकळीक नाही," असे म्हणालो. "परंतु आमच्या भागात मालकाच्या प्रश्नाला लोक कसे उत्तर देतात, ते सांगू शकतो." आणि मी त्यांना माझ्या वर्गाविषयी सांगितले, 'समजलं का?' आणि 'हो सर' यांविषयी. ते मन लावून ऐकत होते. इतके मन लावून की मला वाटले, जमले.

"वर्गातली मुले घाबरलेली असतात," ते शेवटी म्हणाले. "ती बाई घाबरलेली नव्हती. ती रडत होती आणि मीही रडत होतो." मग त्यांनी दाराकडे पाहिले. आवाज अतिशय मऊ होता. "पास्कल, तू त्याचा भाऊ आहेस. तुझ्या कुटुंबाची हीच इच्छा आहे ना?"

पास्कल म्हणाला, "येस, युवर हायनेस."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला. प्रिन्सनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. आपली खात्री पटल्याचे समाधान होते.

बाहेर गाडीपाशी पास्कलने मला गाठले. "काय सर, शाळा घ्यायला आलेला काय?"

"पास्कल, तुझी आई सारखी कबर बघायला जाते आहे रे."

"मला सांगताय? माझी आय आहे ती." त्याने इकडेतिकडे पाहिले. "तुम्ही मास्तर माणूस. मास्तरला पगार सरकार देतं, कोण मेलं तरी येतो. माझा पगार हा माणूस देतो. वाईट नाय तो, देवमाणूस आहे. पण देवमाणसाला नाय म्हटलं की त्याला लागतं. एकदा का लागलं की मग तोंड बघवत नाय त्याला आपलं. मग काय, व्हिसा खलास, पास्कल घरी. आंतोन तर गेला. आता मी पण जाऊ काय त्याच्यासोबत, पेटीच्या बाजूच्या सीटवर?"

"तू सांगितलंस तर ते ऐकतील."

"इन्शाल्ला," तो हसून म्हणाला. "तुम्ही सांगून बघितलंत ना आता? ऐकलं काय?"

मी गाडीचे दार उघडले. दोन घरांचे पोट एकीकडे आणि एका मृत माणसाची माती दुसरीकडे. यात मास्तराने कोणाला नापास करायचे?

शुक्रवारी दफन झाले. उन्हाळा ऐन भरात होता आणि सकाळीच वाळू तापली होती. पाहुणे काळ्या कपड्यांत घामाने भिजले होते. पेटीवर घराण्याचे चिन्ह विणलेले कापड होते. आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट मी प्रिन्सना आदल्या दिवशी समजावून दिली होती: खांदेकरी सारख्या उंचीचे घ्यावेत. उंच माणूस पुढे असला की पेटी मागे झुकते आणि भार मागच्या बुटक्या माणसावर येतो. पण रिवाजाप्रमाणे घराण्याचा प्रमुख पुढेच हवा आणि मृताचा सख्खा भाऊ त्याच्या मागे. प्रिन्स सहा फुटांहून उंच होते. पास्कल त्यांच्या खांद्याला लागत होता.

प्रिन्स अनवाणी चालत होते. त्यांचे तळवे भाजत होते हे त्यांच्या चालीवरून कळत होते, तरी त्यांनी पावले भरभर टाकली नाहीत. उलट रिवाज म्हणून ते संथच चालले. जितके ते संथ चालत तितका जास्त वेळ मागे पास्कलला भाराखाली चालावे लागे. "यल्ला, हायनेस, प्लीज," जरा लवकर चला, असे त्याने एकदा दबक्या आवाजात म्हटले; पुढे जपमाळेचा घोष चालू होता, त्यात ते कोणाला ऐकू गेले नाही. फोटोग्राफर उलट्या पावलांनी पुढे चालत प्रिन्सच्या पायांची छायाचित्रे घेत होता.

वसईला हे सारे दिसावे म्हणून सेक्रेटरीने फोनवर थेट चित्र पाठवण्याची व्यवस्था केली होती. थोड्या वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला. मोनिकाबाय होती.

"सर, तुम्ही तिथेच आहात ना? त्यात सगळे साहेबांनाच दाखवतायत. पेटी दिसतच नाही."

मी गर्दीच्या कडेने पुढे गेलो आणि माझा फोन पेटीकडे धरला. तोवर पेटी खड्ड्याच्या काठावर ठेवली होती.

"उघडणार नाहीत?"

"नाही, मोनिकाबाय. आता उघडत नाहीत."

"मग तुम्ही हात लावा. माझ्या बदल्यात."

मी पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला हात ठेवला. लाकूड उन्हाने तापले होते. पाहुण्यांपैकी एकीने माझ्याकडे नाराजीने पाहिले. तिच्या फोटोत मी आलो असणार. फोनवर मोनिकाबायच्या मागून एक म्हातारा आवाज विचारत होता, "डोकं कुठल्या बाजूला? माझ्या बाजूला आहे काय?" भूगोलाच्या शिक्षकाला दिशा सांगता येतात. मी सूर्य पाहिला, आमचा किनारा कोणत्या बाजूला येतो याचा हिशेब केला. डोके विरुद्ध बाजूला होते. "पाय तुमच्याकडे आहेत," मी सांगितले. म्हातारी म्हणाली, "म्हणजे उठला तर तोंड आमच्याकडे." मी हो म्हटले.

प्रिन्सनी पहिली मूठ माती टाकली. त्यांच्या पायांना फोड आले होते. नंतर कित्येक दिवस ते काठी घेऊन चालत होते, असे पास्कलने सांगितले. घराण्याच्या पत्रिकेत चार पाने छापून आली. मजकूर मी वाचला. तो मनापासून लिहिलेला होता. आंतोनला त्यात 'आमच्या घरचा' म्हटले होते. पास्कलची नोकरी टिकली. तो आजही तिथेच आहे आणि दोन्ही घरे चालवतो.

त्यानंतर माझ्या कामाच्या रीतीत मी एक भर घातली. घरच्यांशी बोलणे मालकाने फोन करण्याआधी करायचे; एकदा मालकाचा फोन होऊन गेला की माझा प्रश्न कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. नव्या सहकाऱ्यांना मी हे शिकवत असे. काही प्रकरणांत त्याचा फायदा झाला. आंतोनच्या बाबतीत झाला नाही, एवढे खरे.

निवृत्त होऊन वसईला परतल्यावर मी मोनिकाबायला भेटायला गेलो. तोवर आंतोनची आई वारली होती. मोनिकाबायने मला चहा दिला आणि त्या शुक्रवारनंतरचे सांगितले. उघडलेली कबर तशीच ठेवता येईना, म्हणून रविवारी मिस्सा झाल्यावर दफनभूमीतली माणसे फावडी घेऊन आली. आईला कोणी कळवले नव्हते, तरी ती येऊन काठावर उभी राहिली. पाद्रीबुवा म्हणाले, आजी, आत काही नाही, तुम्ही घरी चला. ती गेली नाही. तिने वाकून मूठभर माती घेतली, क्रूसाची खूण केली आणि रिकाम्या खड्ड्यात टाकली. मग फावडी चालू झाली. माणसांना घरी जेवायला जायचे होते, त्यामुळे हात भरभर चालत होते.

"हळू टाका रे," म्हातारी त्यांना म्हणत होती. "हळू टाका."